जुनी चेनसॉ खानदेशात: मशीन निवडण्यापासून सुटे भाग मिळवून ती पुन्हा चालू करण्यापर्यंत

जुनी चेनसॉ घ्यायला गेलेला माणूस आधी कंपनीचं नाव बघतो, मग दोरी ओढून बघतो. त्याआधी बघायला हवं ते वेगळंच. या मशीनचे कोणते भाग बाजारात तयार मिळतात, कोणते लेथवर करून घेता येतात आणि कोणते दोन्हीकडे मिळत नाहीत? न मिळणारे भाग मशीनवर शाबूत असतील तर बाकीचं हळूहळू जमतं. ते नसतील तर कितीही चकचकीत मशीन कपाटातच राहते.

न मिळणारे भाग म्हणजे क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच), फ्लायव्हील, स्टार्टरचं कव्हर, टाकी आणि हँडलचं कास्टिंग, सायलेन्सर, एअर फिल्टरचं झाकण आणि कार्बोरेटरची बॉडी. मिळणारे भाग म्हणजे बेअरिंग, ऑइल सील, प्लग, कंडेन्सर, डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा), दोरी, चेन आणि पेट्रोलची नळी. सिलिंडर आणि पिस्टन मधल्या गटात येतात. काही मॉडेलचे मिळतात, बहुतेकांचे मिळत नाहीत. मोडीच्या ढिगासमोर उभं राहून निर्णय घ्यायचा असतो तेव्हा ही विभागणी कामाला येते.

कोणती मशीन घ्यावी

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात जुन्या चेनसॉ तीन ठिकाणी सापडतात: लाकडाच्या वखारी आणि सॉ मिल, झाडतोडीचे ठेकेदार, आणि भंगारवाले. बाभूळ, कडुनिंब, चिंच, निलगिरी यांची जाड खोडं कापायला इथे मोठ्या मशिनी लागतात. अंजनाचं लाकूड तर इतकं कठीण की लहान मशीन त्यावर दमते. म्हणून वखारीच्या कोपऱ्यात पडलेली मशीन बहुधा मोठी असते, आणि ती स्टिल कंपनीची ०७० किंवा तिची नक्कल असण्याची शक्यता जास्त.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ०७० च घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. ही मशीन १९५९ मध्ये आलेल्या स्टिलच्याच कॉन्ट्रा मॉडेलच्या घराण्यातली. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४० मिमी, म्हणजे जवळजवळ १०६ सीसी. तिची मोठी बहीण ०९० हिचा स्ट्रोक तोच, बोअर मात्र ६६ मिमी, म्हणजे १३७ सीसी. दोघींचे बरेच भाग एकमेकींना चालतात. शिवाय ०७० च्या नकला मोठ्या प्रमाणावर बनल्या, त्यामुळे सिलिंडर, पिस्टन, क्लच, कार्बोरेटर, कॉइल असे भाग आजही नवे मिळतात. जुन्या मशिनींमध्ये हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं आहे.

त्यानंतर स्टिलच्याच ०५१ (८९ सीसी), ०४१ (६१ सीसी) आणि ०८एस (५६ सीसी) घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्यासाठी एक मोडकी जोडीदार मशीन आधी शोधून ठेवावी. मॅककलोक, होमलाइट, जॉन्सरेड, पार्टनर, जुन्या हुस्कवर्ना या संग्रहाला शोभतात, पण त्यांचे भाग जवळपास सगळेच परदेशातून मागवावे लागतात. पहिली मशीन म्हणून त्या घेऊ नयेत. एकाच मॉडेलच्या दोन मोडक्या मशिनी मिळत असतील आणि त्याच किमतीत वेगळ्या मॉडेलची एक बरी मशीन मिळत असेल, तर दोन मोडक्या घ्या.

विकत घेताना पाच मिनिटांची तपासणी

मशीन चालू होते की नाही याला फारसं महत्त्व देऊ नका. चालू होणारी मशीन आतून खरवडलेली असू शकते, आणि नुसता पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच) गंजल्यामुळे बंद पडलेली मशीन आतून उत्तम असू शकते.

आधी दोरीचं हँडल धरून मशीन जमिनीपासून वीतभर उचला. वजन दोरीवर येऊ द्या. कॉम्प्रेशन बरं असेल तर मशीन टप्प्याटप्प्याने, अडत अडत खाली येते. सरळ खाली आली तर रिंग किंवा बोअर गेलं समजा. डीकॉम्प्रेशनचा व्हॉल्व्ह (दोरी हलकी ओढता यावी म्हणून दाब सोडणारा) असेल तर तो आधी बंद आहे ना ते बघा, आणि दोरी जुनी असेल तर दुसरा हात खाली धरा.

मग सायलेन्सरचे स्क्रू काढू देतात का विचारा. विकणारा नाही म्हणाला तर किंमत त्या हिशेबाने करा. सायलेन्सर निघाला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. मोबाइलचा टॉर्च लावा आणि दोरी अगदी हळू ओढत पिस्टन वर-खाली करा. चांगल्या पिस्टनची बाजू राखाडी, मंद चकाकीची असते आणि लेथवर घेतलेल्या बारीक आडव्या रेषा तिच्यावर अजून दिसतात. उभे ओरखडे दिसले की थांबा. ते फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मशीन तापून घासली आहे: मिश्रणात ऑइल कमी पडलं, किंवा कुठून तरी हवा शिरून मिश्रण पातळ झालं. ओरखडे इनटेकच्या बाजूलाही असतील तर फिल्टरमधून धूळ गेली आहे, आणि मग बेअरिंगही संशयित. रिंग खाचेत अडकून बसली आहे का तेही बघा. काडीने हलकेच दाबल्यावर ती आत-बाहेर हलली पाहिजे.

शेवटी फ्लायव्हील धरून वर-खाली हलवा. बाजूला किंचित सरकणं चालतं, वर-खाली खेळ अजिबात नको. बारचे (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीचे) दोन स्टड जिथे क्रँककेसमध्ये बसतात तिथे तडा गेला आहे का ते बोटाने चाचपा. चेन तुटून आतल्या आत आपटते तेव्हा पहिला घाव तिथेच बसतो.

किंमत ठरवताना त्याच मापाच्या नव्या नकली मशीनचा भाव आधी विचारून घ्या. सिलिंडर गेलेल्या अस्सल मशीनला त्याहून जास्त देऊ नका. पावती मात्र साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याची सही, तारीख आणि मशीनचा नंबर टाकून घ्याच. त्याचं कारण पुढे येईल.

नंबर वाचायला शिका

स्टिलच्या कास्टिंगवर अकरा अंकी नंबर असतो, चार-तीन-चार असा तोडलेला. पहिले चार अंक मशीनचं घराणं सांगतात: ११०६ म्हणजे ०७०-०९०, ११०८ म्हणजे ०८एस, १११० म्हणजे ०४१, ११११ म्हणजे ०५१. झाकणावर वेगळा नंबर आणि क्रँककेसवर वेगळा असेल तर दोन मशिनींची एक केलेली आहे. तिचा भाव कमी करा, पण नाकारू नका.

खरा फायदा ९ ने सुरू होणाऱ्या नंबरांचा आहे. ९५०३ म्हणजे बेअरिंग, ९६४० म्हणजे ऑइल सील, ९४६३ म्हणजे सर्क्लिप. हे प्रमाणित मापाचे भाग आहेत, फक्त चेनसॉसाठी बनवलेले नाहीत. पार्टलिस्टमध्ये ९ ने सुरू होणारा नंबर दिसला की तो भाग कंपनीकडूनच मागवण्याची गरज बहुधा नसते. जुना भाग काढून त्याचं माप घ्या आणि बाजारात जा.

सुटे भाग कुठे शोधायचे

बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो. तो आणि त्यापुढचं C३ हे चिन्ह जसंच्या तसं लिहून न्या. C३ म्हणजे आतली फट थोडी जास्त. गरम क्रँककेसमध्ये तापून फुगल्यावरही अशी बेअरिंग मोकळी फिरते. दुकानदार साधी बेअरिंग पुढे करतो, नंबर तोच असतो, हातात छान फिरते, पण चालू मशीनमध्ये ती जाम धरते. जिनिंग, ऑइल मिल, पंपसेट आणि ट्रॅक्टरला माल पुरवणारी बेअरिंगची दुकानं जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर, चाळीसगाव सगळीकडे आहेत. C३ ताबडतोब नसली तर मागवून देतात, थांबायची तयारी ठेवा.

ऑइल सील तीन आकड्यांत सांगतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. व्हर्नियरने मापा. शाफ्ट मापा, जुना सील नाही, कारण जुन्या सीलचं ओठ झिजून सैल झालेलं असतं. रबर मात्र नीट विचारून घ्या. साधं नायट्राइल साधारण १०० अंशांपर्यंत टिकतं, व्हिटॉन २०० अंशांपर्यंत. शिवाय आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला व्हिटॉनच बरं तोंड देतं. किमतीतला फरक देऊन टाका. सील बदलायला पुन्हा क्लच आणि फ्लायव्हील काढण्याचा त्रास त्याहून मोठा आहे.

पॉइंट आणि कंडेन्सरसाठी राजदूत, येझदी, लुना आणि जुन्या स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री गाठा. हा माणूस या कामातला खरा ठेवा आहे. त्याच्याकडे पॉइंट घासायची समज असते, फ्लायव्हीलचे पुलर असतात आणि बहुधा जुन्या भागांचा डबाही असतो. कंडेन्सर आकाराने जुळला नाही तरी चालतं. त्याची क्षमता ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान असावी आणि बॉडीला पक्कं अर्थिंग मिळावं. फ्लायव्हीलखाली जागा नसेल तर वायर बाहेर काढून तो थंड जागी बसवा. उलट अशा जागी तो जास्त टिकतो.

कार्बोरेटरवर टिलॉट्सन किंवा वॉल्ब्रो असं नाव आणि मॉडेल कोरलेलं असतं. जुन्या मोठ्या मशिनींवर बहुधा टिलॉट्सनचा एचएल प्रकार दिसतो. किट दोन तऱ्हेची मिळते. टिलॉट्सनमध्ये आरके म्हणजे सुई आणि लिव्हरसकट पूर्ण किट, डीजी म्हणजे फक्त डायफ्राम आणि पॅकिंग. वॉल्ब्रोमध्ये हाच फरक के आणि डी या अक्षरांनी दाखवतात. पहिल्यांदा पूर्ण किट घ्या. मशीनचं नाव सांगून किट मागू नका, कार्बोरेटरचा नंबर सांगा. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या काळात वेगळे कार्बोरेटर बसवलेले असतात.

इथे न मिळालेल्या हार्डवेअरसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट आणि इंदूरचं सियागंज या दोन पेठा आहेत. जाण्याआधी भागाचा फोटो पट्टीशेजारी ठेवून काढा आणि मापं कागदावर लिहून न्या. पॅकिंग विकत शोधत बसू नये. ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या पॅकिंग पेपरवर भाग ठेवून कडा हलक्या ठोकल्या की ठसा उमटतो, तो कात्रीने कापून घ्यावा. सिलिंडरखालचं पॅकिंग जुन्याच्याच जाडीचं हवं. पातळ झालं तर पिस्टन वर आपटू शकतो, जाड झालं तर कॉम्प्रेशन पडतं.

खोलणे

खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो, आणि प्रत्येक थर काढताना पुन्हा फोटो. स्क्रू पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा, कारण लांबी एक-दोन मिमीने वेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला की कास्टिंग फुटतं.

सफाईला रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो ॲल्युमिनियम खातो. कुठलंही ॲसिड क्रँककेसला लागू देऊ नका. जुन्या मशिनींची बॉडी बहुधा मॅग्नेशियमची असते आणि ॲसिडने ती दिसता दिसता खंगते. याच कारणासाठी बॉडीवर ग्राइंडर चालवू नका. मॅग्नेशियमचा भुगा पेटतो, आणि त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. शेजारी कोरडी वाळू असावी.

क्लच सोडवताना पिस्टन अडवावा लागतो. एक्झॉस्टचं भोक पिस्टनने झाकलं गेलं की प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सारा आणि मग फिरवा. लोखंडी वस्तू आत घालू नये, पिस्टनला भोक पडतं. क्लच बहुतेक मशिनींवर उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. त्यावर बाण कोरला आहे का आधी बघा. फ्लायव्हीलचा नट एकदम काढून टाकू नका. तो दोन आटे सैल करून शाफ्टच्या टोकाशी ठेवा, पुलर लावा आणि ताण आल्यावर पुलरच्या बोल्टवर एक टिचकी मारा. थेट शाफ्टवर हातोडा मारला तर क्रँक वाकतो, कारण तो दाबून जोडलेल्या तुकड्यांचा असतो.

बेअरिंग काढताना क्रँककेस साधारण १२० अंशांपर्यंत तापवा, हॉट एअर गनने किंवा जुन्या ओव्हनमध्ये. गॅसची ज्योत लावू नका. पुरेसं तापलं की केस लाकडावर आपटल्यावर बेअरिंग आपोआप खाली पडते. नवी बेअरिंग आधी दोन तास फ्रीजरमध्ये ठेवली तर ती तापलेल्या केसमध्ये हाताच्या दाबाने बसते.

सिलिंडर आणि पिस्टन

बोअरमध्ये चिकटलेला चंदेरी थर बहुतेक वेळा पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम असतं, बोअरचा ओरखडा नसतो. लोक इथेच सिलिंडर फेकून देतात आणि भंगारवाल्याला फुकटात चांगला माल मिळतो. फरशी धुवायचं म्युरिॲटिक ॲसिड कापसाच्या काडीवर घेऊन फक्त त्या थरावर लावा. काम उघड्यावर करा, हातमोजे आणि चष्मा घालून. फेस येतो, म्हणजे ॲल्युमिनियम विरघळतंय. फेस थांबला की भरपूर पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, पुन्हा साधं पाणी. पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांना ॲसिड लागू देऊ नका, तिथे क्रोमचा थर संपून उघडं ॲल्युमिनियम असतं. फेस थांबायचं नाव घेत नसेल तर खालचा क्रोमच उडालेला आहे. ताबडतोब धुऊन टाका, तो सिलिंडर संपला. क्रोम असलेल्या बोअरला होनिंग किंवा रिबोअर करता येत नाही. लेथवाला तयार झाला तरी करून घेऊ नका.

रिंग बोअरमध्ये साधारण २० मिमी खाली पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मापा. ५८ मिमी बोअरला ०.२५ ते ०.३ मिमी उत्तम. ०.८ च्या वर गेली तर रिंग बदला. बाजारातून रिंग घेताना व्यासाबरोबर जाडी मापा आणि खाचेतल्या पिनजवळ टोकाचा आकार जुळतो का ते बघा. पिन चुकली की रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकतं आणि एका सेकंदात सिलिंडर जातो. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. काढलेली सर्क्लिप पुन्हा वापरायची नाही.

नकली सिलिंडर घेतला असेल तर एक काम टाळू नका. पोर्टच्या कडेवरून आतून बोट फिरवा. कड धारदार लागली तर बारीक ऑइलस्टोनने ती किंचित मोडा, अर्धा मिमी पुरे. नकली सिलिंडरात रिंग तुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. नंतर गरम पाणी आणि साबणाने इतका धुवा की पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे.

दाबाची चाचणी

बऱ्याच दुरुस्त्या ही पायरी गाळल्यामुळे दुसऱ्याच दिवशी फसतात. एक्झॉस्ट आणि इनटेक सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी लावून बंद करा. प्लगच्या जागी नळी बसवा आणि हवा भरा. रक्तदाब मापायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि घड्याळ इथे छान चालतं: ३०० चा आकडा म्हणजे ०.४ बार (इथे बार हे दाबाचं माप). काटा अर्धा मिनिट तरी हलला नाही पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने सीलभोवती, सिलिंडरच्या पॅकिंगवर आणि क्रँककेसच्या सांध्यावर लावा, बुडबुडा जागा दाखवतो. मग हीच चाचणी हवा खेचूनही करा. सीलचं ओठ दाबाखाली घट्ट बसतं आणि ओढीखाली उघडतं, असं अनेकदा होतं. हवा खेचणारा हातपंप ब्रेकचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये मिळतो.

ठिणगी

पॉइंटची तोंडं भिंगातून बघा. एकावर खळगा आणि दुसऱ्यावर उंचवटा असेल तर कंडेन्सर गेला आहे, नुसतं घासून काही दिवसच निभेल. निळसर-काळा थर असेल तर सीलमधून ऑइल आलंय. ६०० नंबरच्या पेपरने सपाट करा आणि कोरा कागद पेट्रोलात बुडवून मधून ओढा, शेवटी कोरडा कागद. कागदावर डाग उमटायचा थांबेपर्यंत हे करा. फट ०.३५ ते ०.४ मिमी. कॉइल आणि फ्लायव्हीलच्या चुंबकामधली फट ०.२ ते ०.३ मिमी, व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळले की बरोबर येते. प्लगची फट ०.५ मिमी.

ठिणगी चांगली, पेट्रोल पोचतंय, तरीही मशीन दोरीला उलटा झटका देते? फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) कापली गेली आहे. नवी चावी मूळ धातूचीच बसवा, कडक पोलादाची केली तर पुढच्या वेळी क्रँकची खाच फाटेल.

कार्बोरेटर

डायफ्राम कानाजवळ धरून बोटाने दाबा. जिवंत डायफ्राम आवाज करत नाही. कडकड वाजला तर तो वाळला आहे, कितीही स्वच्छ दिसो. आतली जाळी हमखास तुंबलेली असते, ती विसरू नका. भोकं तारेने उकरू नका, क्लीनर आणि हवा वापरा. एचएलमध्ये सुईवरचं लिव्हर कप्प्याच्या तळाशी समपातळीत हवं. वर राहिलं तर मशीन पेट्रोल पिते, खाली गेलं तर जोर लावताच दम तोडते. त्या बाजूला आधी पॅकिंग, मग डायफ्राम. पेट्रोल येण्याच्या नळीतून ०.८ बार दाब दिला तर सुईने तो धरून ठेवला पाहिजे.

पेट्रोल आणि ऑइल

एअरकूल्ड टू-स्ट्रोकचं, जासो एफडी दर्जाचं ऑइल लिटरला २५ मिली, म्हणजे १:४०. साधं जुन्या पद्धतीचं ऑइल असेल तर लिटरला ४० मिली. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात तळाशी पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होतो. त्या थरात ऑइल नसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळाचंच ओढते. म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जुनं मिश्रण वापरू नका, लागेल तेवढंच बनवा. बारला नवीन इंजिन ऑइल: उन्हाळ्यात ४० ग्रेड, थंडीत ३०. काळं जळकं ऑइल घालण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. त्यातला धातूचा भुगा पंप आणि बार खातो आणि कापताना ते अंगावर, श्वासात उडतं. ही रीत मोडलीच पाहिजे.

चेन आणि बार

लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मापून दोनने भागा, ती चेनची पिच. मोठ्या जुन्या मशिनींवर बहुधा ०.४०४ इंच असते, म्हणजे तीन रिव्हेटमध्ये साधारण २०.५ मिमी. बारची खाच १.३, १.५ की १.६ मिमी ते गेजने बघा. बार, चेन आणि स्प्रॉकेट तिन्ही एकाच मापाचे हवेत. नवी चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवली की ती ताणते, आणि दोष चेनला जातो. ०.४०४ ला ५.५ मिमी गोल कानस, दातापुढच्या उंचवट्याची (डेप्थ गेज) उंची दातापेक्षा ०.८ मिमी कमी. आजचा वाकड्या दाताचा नमुना जोसेफ कॉक्सने १९४७ मध्ये आणला, त्याआधीच्या सरळ दातांच्या चेन सापडल्या तर त्या जपून ठेवा, लाकडाला लावू नका.

स्टार्टरची दोरी मोठ्या मशीनला ४.५ मिमी. पूर्ण बाहेर ओढल्यावरही पुली आणखी अर्धा फेरा फिरली पाहिजे, नाहीतर स्प्रिंग तुटते. स्प्रिंग काढताना चष्मा घाला.

पहिल्यांदा चालू करताना

कार्बोरेटरचे एच (जास्त वेगाचं पेट्रोल) आणि एल (मंद वेगाचं) दोन्ही स्क्रू हलके बंद करून एकेक फेरा उघडा. सुरू झाल्यावर तीन ते पाच मिनिटं तापू द्या, मग एल जुळवा आणि मंद वेगावर चेन थांबलेली असेल असा आयडल ठेवा. एच जुळवताना रिकाम्या मशीनचा आवाज थोडा फडफडता, लाकडात शिरल्यावर साफ, असा हवा. सावध राहा: बऱ्याच जुन्या टिलॉट्सनमध्ये गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारी झडप) असतो आणि तोही तशीच फडफड करतो. त्यामुळे कानावर विसंबू नका, थोडं लाकूड कापून लगेच मशीन बंद करा आणि प्लग बघा. चहाचा रंग बरोबर, पांढरा असेल तर एच ताबडतोब उघडा.

मे महिन्यात ४४-४५ अंशांत जुळवलेली मशीन डिसेंबरच्या पहाटे पातळ मिश्रणावर चालते, कारण थंड हवा दाट असते. वर्षातून दोनदा एच तपासा. उन्हाळ्यात बंद करण्याआधी मिनिटभर मंद चालू द्या, नाहीतर तापलेल्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होऊन ती पुन्हा चालू होत नाही.

चाचणीला जमिनीवर पक्कं बसवलेलं बाभळीचं किंवा निंबाचं २०-२५ सेंटिमीटरचं ओंडकं घ्या. केळीचा खांब नको, त्याचे ओले धागे स्प्रॉकेटभोवती गुंडाळतात. या मशिनींना चेन ब्रेक नसतो आणि ०७० चं इंजिनच दहा किलोंच्या वर आहे. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन तोंडाकडे उसळते. झाडावर चढून किंवा खांद्याच्या वर धरून त्या चालवायच्या नाहीत.

कागदपत्रं आणि ठेवण

भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ५२ खाली वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं जप्त होतात. सातपुड्याच्या किंवा यावलच्या जंगलाजवळून मशीन नेताना पावती बरोबर ठेवा आणि चाचणी स्वतःच्या आवारातच घ्या. स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा बघावा लागतो.

रंग मूळचा साठ टक्के जरी शिल्लक असला तरी नवा लावू नका. संग्राहक मूळ रंगालाच मान देतात. ठेवताना टाकी रिकामी करा, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, प्लगच्या भोकातून ५ मिली टू-स्ट्रोक ऑइल टाका आणि दोरी हळू ओढून पिस्टन वरच्या टोकाला आणा, म्हणजे एक्झॉस्टचं भोक झाकलं जातं. चेन सैल करा. हँडलला एक चिठ्ठी बांधा: बेअरिंग आणि सीलचे नंबर, कार्बोरेटरचं मॉडेल, चेनची पिच, गेज (बारच्या खाचेचं माप) आणि ड्राइव्ह लिंकची (खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या, एच-एलचे फेरे आणि ते कोणत्या महिन्यात जुळवले.